मदत हवी आहे : आत्म्याचं वजन 21 ग्रॅम? वर्गात कसं समजावू?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिक्षक आहे. गावातल्या एका तेरवीत महाराजांनी सांगितलं, आत्म्याचं वजन 21 ग्रॅम असतं, सायन्सनं सिद्ध केलंय. आता वर्गातले पोट्टे विचारतात, "सर, खरं हाय का?"

मला माहीत आहे ते असं. अमेरिकेतल्या हॅवरहिलच्या डॉ. डंकन मॅकडुगल यांनी मरताना वजन घटतं का हे पाहायला मरणासन्न रुग्णांना खाटेसकट काट्यावर ठेवलं आणि 1907 मध्ये निष्कर्ष छापले. रुग्ण सहाच, त्यातल्या दोघांची मापं त्यांनीच बाद केली. 21 ग्रॅमची घट भरली ती एकाच रुग्णाची! पुढं 15 कुत्र्यांचं वजन मरताना घटलं नाही, म्हणून कुत्र्याला आत्मा नाही असा अर्थ लावला. पोळ्याला बैल पुजणाऱ्या आमच्या पोरांना हे कसं पटावं? डॉ. ऑगस्टस क्लार्क या दुसऱ्या डॉक्टरांनी तेव्हाच मुद्दा काढला होता, की वजन घटतं ते घामाच्या बाष्पीभवनानं.

तोच मुद्दा मला प्रयोगानं दाखवायचा आहे. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा मिळेल. त्यावर ओलं फडकं ठेवून वजन उतरताना दाखवलं तर पुरेल का? आणखी काय करता येईल?

दुसरं जास्त अवघड आहे. ज्यांची तेरवी होती, त्यांची नात माझ्याच वर्गात आहे. तिला न दुखावता हे कसं बोलू? कुणी असा विषय शिकवला असेल तर कृपया सविस्तर सांगा.