विषय: आईने बोटातलं रक्त कुणाला दिलं?

प्रेषक: कॉलेज रोड (शॉमबर्ग)

मंडळी नमस्कार,

(नव्याने आलेल्यांसाठी: शिकागोतल्या नाशिककरांच्या या ईमेल-यादीत चार संदीप आणि तीन वैशाली झाल्यापासून आपण सगळे नाशिकच्या आपापल्या भागाच्या नावाने सही करतो. शिकागोत कुठे राहता ते कंसात.)

रविवारी आईला फोन केला. वय 78, गंगापूर रोडला एकटी राहते. बोलता बोलता म्हणाली, "काल दोन मुली आल्या होत्या, आरोग्याचा सर्वे करायला. दोन तास बसल्या. पोहे केले त्यांना." मग एकेक बाहेर यायला लागलं. वजन केलं, बीपी घेतलं, हातात एक यंत्र देऊन जोरात दाबायला लावलं, दहा शब्द वाचून दाखवले आणि थोड्या वेळाने विचारले. शेत आहे का, पेन्शन किती, बँकेत काही ठेव आहे का, हेही विचारलं. शेवटी बोटाला टोचून जाड कागदावर रक्ताचे थेंब घेतले. आईने सही केली. कशावर? "होता एक कागद. फ्रीजवर ठेवलाय."

पुण्याहून भाऊ तिच्यावर भडकला की आता खातं रिकामं होणार. मीही म्हटलं, पुन्हा आल्या तर दार उघडू नकोस. तेव्हापासून फोनवर "जेवले, झोपते" याच्यापुढे गाडी जात नाही.

त्या मुली दोन वर्षांनी परत येणार म्हणाल्यात. हे काय प्रकरण असतं, कुणाला माहीत आहे का?

प्रेषक: रविवार कारंजा (स्कोकी)

पोहे मिळाले? आमच्याकडे जनगणनावाल्याला पाणी विचारायचीही पद्धत नव्हती. आईंना माझा नमस्कार सांग.

प्रेषक: सिडको (नेपरव्हिल)

ताई, भावाचं बरोबर आहे. माझा अनुभव ऐका. चार वर्षांपूर्वी आमच्या दादांना शुगरसाठी एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथे सांगितलं, नवीन औषध आलंय, तुम्हाला फुकट देतो, फक्त इथे सह्या करा. चौदा पानं, सगळी इंग्रजीत. दादा सातवी शिकलेले, अंबडच्या कारखान्यात आयुष्य गेलं. डॉक्टरसमोर "हे काय आहे" असं विचारायची त्यांची प्राज्ञा नाही. सह्या केल्या. प्रत दिली नाही. दीड महिन्याने चक्कर यायला लागली तेव्हा कार्डावरचा नंबर बंद. दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो, तो विचारतो कोणतं औषध चालू आहे? आम्ही काय सांगणार! खरं औषध होतं की नुसती पिठाची गोळी, आजतागायत कळलेलं नाही.

दार उघडू नये हेच उत्तम. आपण इथे बसून काय निस्तरणार?

प्रेषक: देवळाली कॅम्प (ओक पार्क)

मी अठरा वर्षं इथल्या एका हॉस्पिटलमध्ये रिसर्च नर्स आहे. लोकांकडून अशा सह्या घेणं हेच माझं काम, त्यामुळे जरा लांबण लागेल.

सिडको, दादांच्या बाबतीत झालं ते चूकच होतं, आणि नुसतं वाईट वागणं म्हणून सोडून देण्यासारखं नाही, नियमाविरुद्ध होतं. नवीन औषधाच्या चाचणीला भारतात 2019 चे नियम लागू आहेत. कागद माणसाला समजेल अशा भाषेत हवा आणि सही केलेल्याची प्रत त्याच्या हातात द्यायची असते. वाचता येत नसेल तर संशोधकांशी संबंध नसलेला साक्षीदार शेजारी बसवावा लागतो. चाचणी चालू असताना त्रास झाला तर मोफत उपचार करावे लागतात, आणि इजा चाचणीमुळेच झाली असं ठरलं तर भरपाईही द्यावी लागते. पिठाची गोळी मिळू शकते, कुणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, हेही आधीच सांगायचं असतं. "नवीन औषध फुकट" हे अर्धवट सांगणं झालं. चाचणी असते ते औषध चालतं का हे अजून कळायचं असतं म्हणूनच.

पण कॉलेज रोडच्या आईकडे आलेल्या मुली औषध द्यायला आल्या नव्हत्या. त्या मोजायला आल्या होत्या. दोन्हींना एकाच दोरीने बांधू नका.

हाताने दाबायचं यंत्र आणि दहा शब्द वाचल्यावर मला हसू आलं. म्हाताऱ्या माणसांच्या मोठ्या अभ्यासांत हे असतंच. पकडीची ताकद म्हातारपणाबद्दल पुष्कळ काही सांगते. भारतात 'लासी' नावाचा असा अभ्यास आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने तो चालवला, 2017-18 च्या पहिल्या फेरीत 45 च्या वरची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून 72 हजारांहून जास्त जण होते. त्याच त्याच माणसांकडे काही वर्षांनी पुन्हा जायचं, ही त्याची रीत. तीच संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणही करते. त्याच्या 2019-21 च्या फेरीत सहा लाखांवर घरं झाली, तिथेही बोटातून रक्ताचे थेंब घेतले. आईंकडे आलेला सर्वे यांपैकी कोणता होता की तिसराच, हे मी इथून सांगू शकत नाही. फ्रीजवरचा कागद सांगेल. पैशांचे प्रश्नही नेहमीचेच, घरची परिस्थिती कळल्याशिवाय आजाराचा हिशोब लागत नाही. ठेव आहे का, हे विचारतील. खाते क्रमांक, ओटीपी किंवा पिन मागितला तर मात्र तो सर्वेवाला नव्हे, सरळ बाहेर काढा.

कागदावर काय बघायचं? कोणती संस्था, कशासाठी, रक्ताचं पुढे काय होणार, नाव गुप्त कसं राहणार. संशोधकाचा फोन आणि एथिक्स कमिटीचा, म्हणजे भाग घेणाऱ्यांवर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीचा, वेगळा फोन. इथे आपण ज्याला आयआरबी म्हणतो तीच ही. आणि "कधीही, कारण न देता बाहेर पडता येईल" हे वाक्य. ते नसेल तर कागद परत करा. औषधाची चाचणी असेल तर सीटीआरआय, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, क्रमांक मागा. त्या नोंदवहीत 2009 पासून प्रत्येक चाचणी नोंदवावी लागते, आणि घरबसल्या फुकट बघता येते.

प्रेषक: सिडको (नेपरव्हिल)

नियम कागदावर छान असतात हो. दादांच्या वेळीही 2019 चे नियम होतेच की. आणि मला सांगा, या सगळ्यातून ताईंच्या आईला मिळणार काय?

प्रेषक: देवळाली कॅम्प (ओक पार्क)

काही नाही. बीपी जास्त निघालं तर तिथल्या तिथे सांगतात, एवढंच. मी माझ्या पेशंटांनाही हेच सांगते: याने तुमचं भलं होईल म्हणून सही करू नका.

मग करायची कशाला? पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 मध्ये डॉ. याज्ञिक यांनी गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची 3.5 किलोची. पण आपलं बाळ लहान असूनही त्याच्यात चरबी तितकीशी कमी नव्हती. कमी होतं ते स्नायूंचं मांस. दिसायला हडकुळं, आतून चरबीचं. आपल्याला सडपातळ असूनही मधुमेह का होतो, याचा एक धागा तिथे सापडला. त्या बायका शेतावरून येऊन वजनं करून घेत होत्या, त्यांना यातलं काय मिळालं?

आणि हो, कॉलेज रोड, तू स्वतः 2012 ला 'मसाला' अभ्यासात, अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयविकाराच्या त्या अभ्यासात, गेली होतीस ना? साखरेचं पाणी पिऊन दोन तास बसलीस, छातीचं स्कॅन करून घेतलंस आणि गणपतीत सगळ्यांना सांगत होतीस. त्या पहिल्या फेरीत शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोकडचे मिळून 906 जण होते. तोवर हृदयविकाराचा धोका ज्या सूत्रांवर काढत ती अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या, म्हणजे जवळजवळ सगळ्या गोऱ्या लोकांच्या मोजमापांतून आलेली. तेव्हा तू नवऱ्याची परवानगी घेतली होतीस का? आईची?

आता कडू बोलते. 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची, लस देण्याचा एक प्रकल्प झाला. तो थांबवावा लागला. चौकशीत निघालेली एक गोष्ट अशी, की आश्रमशाळेतल्या कितीतरी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी हॉस्टेलच्या वॉर्डनने सह्या केल्या होत्या. लस वाईट होती असं मी म्हणत नाही, मी माझ्या मुलीला दिली. पण "त्यांना काय कळतंय, मीच ठरवतो" हे वॉर्डनचं बोलणं झालं. आपण परदेशातली मुलं आईबापांचे वॉर्डनच झालोय. फरक इतकाच की आपण "नको"वर सही करतो.

प्रेषक: रविवार कारंजा (स्कोकी)

लागलं. माझ्याकडे वडिलांचा ओटीपीसुद्धा येतो.

प्रेषक: पंचवटी (आता कायमचा नाशिकला)

2016 ला परत आलो तरी यादीतून नाव काढू दिलं नाही, ते अशा वेळी कामी येतं. कॉलेज रोड, तू काही बोलली नाहीस तरी मी उद्या संध्याकाळी आईंकडे चक्कर टाकतो. तसंही म्हसरूळहून येताना वाटेवर नसलं तरी वाटेवर करता येतं.

सिडकोंसाठी एक: इकडे दारावर येणारा प्रत्येक जण लबाड नसतो, पण प्रत्येक जण मोठा अभ्यासही नसतो. म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ आहे, राज्यभरच्या मेडिकल कॉलेजांतल्या पोरांना एम.डी.साठी प्रबंध लिहावा लागतो, त्यामुळे प्रश्नावल्या घेऊन फिरणारी मुलं पुष्कळ. बिचारी घाबरलेली असतात. आणि पेठ-सुरगाण्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी चालते, ते तर संशोधनही नव्हे, 2023 पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेचा भाग आहे. तिथल्या एका शिबिरात मी मदतीला गेलो होतो. नावं पुकारून सगळ्यांसमोर "तुझं पॉझिटिव्ह" असं सांगत होते. ती पोरगी नुसती वाहक, तिला स्वतःला आजार नाही. पण गावात बातमी गेली आणि ठरलेलं लग्न लांबणीवर पडलं. रक्त घेण्यात चूक नव्हती, तोंड उघडण्यात होती. मला विचाराल तर सगळ्यात आधी हे बघावं, की माहिती कुणाच्या कानावर जाणार.

प्रेषक: पंचवटी (आता कायमचा नाशिकला)

जाऊन आलो. मलाही पोहे मिळाले.

कागद पाहिला. मराठीत आहे, चार पानी. देवळाली कॅम्पने सांगितलेलं सगळं त्यात आहे, बाहेर पडण्याचं वाक्यसुद्धा. त्यावरच्या दोन्ही नंबरांना फोन केला. संशोधकांचा पहिल्याच रिंगला उचलला. कमिटीचा दुसऱ्या दिवशी लागला, पण लागला. आईंनी सही करण्याआधी मुलींकडून तो मोठ्याने वाचून घेतला होता, चष्मा सापडत नव्हता म्हणून. वाचताना दोन ठिकाणी थांबवून विचारलंही. एक म्हणजे, माझं नाव त्या रक्तावर लिहिणार का? मुली म्हणाल्या, नाव नाही, नंबर. दुसरा प्रश्न, मी मेले तर दोन वर्षांनी कुणाला विचारणार? त्यावर त्या मुली गप्प झाल्या म्हणे.

तुझ्यावर रागावल्या आहेत. कारण मी सांगत नाही, तुला कळलं असेलच.

आणखी एक. त्या मुलींना आईंनी एक गोष्ट सांगितली, जी तुम्हा दोघा भावंडांना सांगितलेली नाही. मला बोलण्याच्या ओघात सांगितली. ती मी यादीवर लिहिणार नाही, तुला वेगळ्या मेलमध्येही नाही. तू विचार. "कशी आहेस" असं नको, नीट विचार.

प्रेषक: कॉलेज रोड (शॉमबर्ग)

आईच्या परवानगीने लिहितेय. यादीवर टाकू का, असं विचारलं. "टाक, सगळे नाशिकचेच आहेत."

त्या मुलींच्या प्रश्नांत होतं, गेल्या काही महिन्यांत पडलात का? पडली होती. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, बाथरूममध्ये. मनगट सुजलं होतं. आठ दिवस आम्हाला व्हिडिओ कॉलवर नुसता चेहरा दिसत होता, ते फोन नीट धरता येत नाही म्हणून, असं आम्ही समजत होतो. मी म्हटलं, आम्हाला का नाही सांगितलंस? म्हणाली, "तुम्ही विचारलं नाही. तुम्ही गोळ्या घेतल्या का विचारता." आणि सांगितलं असतं तर भाऊ तिला पुण्याला उचलून घेऊन गेला असता, हेही म्हणाली. ते खरंच आहे.

मसालाचं तिला आठवत होतं. "तुझं रक्त अमेरिकेत चालतं, माझं इथे चालत नाही होय?"

दहापैकी आठ शब्द आठवले होते. परवा फोनवर मला म्हणून दाखवले, तेव्हा नऊ झाले. दोन वर्षांनी दहा करणार आहे. शब्द तेव्हा वेगळे असतील असं मी सांगितलं नाही.

पंचवटी काका, एक काम होतं. बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा बसवायचाय. टाइल्सना भोकं पडतील म्हणून आई नको म्हणतेय, तुम्ही सांगितलंत तर ऐकेल. नीट बसवणारा कुणी माहीत आहे का?

प्रेषक: रविवार कारंजा (स्कोकी)

माझा भाचा मेन रोडला हार्डवेअरमध्ये आहे, माणूस पाठवतो. आधी आईंना विचारून पाठवू ना?