४६ व्या वर्षी नोकरी सोडता येईल का? आकडे तपासून द्या

कोथरूडकर:
वय ४६, पुण्यात आयटीत. पत्नी गृहिणी, मुलगी अकरावीत. राहतं घर कर्जमुक्त. म्युच्युअल फंड २.६ कोटी (जवळपास सगळे इक्विटी), पीएफ ९५ लाख, एफडी ४० लाख. वाकडला दुसरा फ्लॅट, किंमत ९० लाख, भाडं २४,०००. घरखर्च महिना १ लाख. मुलीच्या शिक्षणाला ४० लाख धरलेत. एकूण ४.८५ कोटी, दरवर्षी त्यातले ४ टक्के काढायचे म्हणजे वर्षाला १९ लाख. खर्च १२ लाखच. मार्चअखेर सोडावी म्हणतोय. बीपीची गोळी चालू आहे, आरोग्य विमा फक्त कंपनीचा. काही सुटतंय का?

चक्रवाढ:
फ्लॅटची किंमत पुंजीत मोजलीत. भाडं धरायचं असेल तर किंमत पुंजीत धरू नका. उरले ३.९५ कोटी. त्यातून शिक्षणाचे ४० लाख गेले. गाडी, वॉटरप्रूफिंग असल्या मोठ्या खर्चांना १५ लाख बाजूला काढा. हातात ३.४० कोटी.

आता खर्च. विम्याचा हप्ता आणि कर धरून १२ चे १३.२ लाख होतील. भाडं वर्षाला २.८८ लाख दिसतं, पण मेंटेनन्स, मिळकत कर आणि एखादा रिकामा महिना वजा केला तर २.२ पडतात. म्हणजे पुंजीतून ११ लाख, साधारण ३.२ टक्के.

आणि ते ४ टक्के अमेरिकी आर्थिक सल्लागार बिल बेंगेन यांनी १९९४ मध्ये अमेरिकी बाजाराच्या आकड्यांवरून, ३० वर्षांच्या हिशोबाने काढलेले. तुम्हाला ४० च्या वर वर्षं काढायचीत, आणि ६ टक्के महागाईत आजचा १ लाखाचा खर्च १२ वर्षांत २ लाख होतो. माझ्या मते आपल्याकडे ३ ते ३.२५ च्या पुढे जाऊ नये. तुम्ही आत आहात, पण अगदी काठावर.

पासबुक:
पीएफचं कुणी बोललंच नाही. नोकरी सुटली तरी ५८ पर्यंत व्याज जमा होतं, पण सुटल्यानंतरचं व्याज करपात्र. ९५ लाखांवर ८.२५ टक्क्यांनी ७.८४ लाख. एफडीचे पावणेतीन, ३० टक्के वजावटीनंतर भाड्याचे दोनेक. बेरीज साडेबाराच्या आसपास, आणि नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच कर शून्य. सीमांत सवलत असते (१२ च्या वर जेवढी कमाई, त्याहून जास्त कर लागत नाही), तरी १२ च्या वरचं जवळपास सगळं करातच जातं. व्याज खात्यात अडकलेलं, कर मात्र खिशातून! फंड विकल्यावरच्या दीर्घकालीन नफ्यावर १.२५ लाखांपुढे १२.५ टक्के वेगळे. त्याला ही सूट नाही.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची ५५ वर्षांची सवलत निवृत्ती किंवा व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतलेल्यांसाठी आहे. ४६ ला राजीनामा दिलात तर साठीपर्यंत विसरा.

सावधपंत:
वरच्या दोघांशी सहमत, पण खरी गोची वेगळी आहे. एफडी शिक्षणात जाणार, मग बाजार पडला तर घर कशावर चालणार? सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१,००० ला शिवला होता, ऑक्टोबरमध्ये ८,००० च्या खाली गेला. पहिल्याच वर्षी असं झालं आणि युनिट विकून किराणा भरावा लागला, तर पुढे बाजार वर आला तरी विकलेल्या युनिटांना त्याचा फायदा नाही. म्हणून पाच वर्षांचे ५५ लाख पीएफमधून काढून आर्बिट्राज (रोख आणि वायदा बाजारातल्या भावफरकावर कमावणारे) आणि लिक्विड (अगदी अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांचे) फंडात ठेवा. आर्बिट्राजवर कर इक्विटीसारखा, तोही विकाल तेव्हाच. 'पासबुक' यांचा १२ लाखांचा प्रश्नही त्यातच सुटतो.

विमा राजीनाम्याआधी घ्या, नंतर नाही. आधीच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ असतो, तोवर त्यांचा खर्च मिळत नाही. आत्ता सुरू केलात तर त्यातला काही काळ कंपनीच्या विम्याखाली निघून जाईल. १० लाखांची मूळ पॉलिसी, वर ९० लाखांचा सुपर टॉप-अप (वर्षाचा खर्च मूळ रकमेपुढे गेला की वरचा देणारा विमा). अर्जात बीपी लिहाच. लपवलंत तर दावा नेमका तिथेच अडतो.

कोथरूडकर:
विम्याचं खरंच डोक्यात नव्हतं. मग मार्च की पुढे?

पासबुक:
बोनस आणि कंपनीने दिलेले शेअर हातात पडायच्या तारखा आधी बघा. ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत आणि रजेचे पैसे २५ लाखांपर्यंत करमुक्त, त्यामुळे तिथे मार्च-एप्रिलने फरक पडत नाही. क्रेडिट कार्ड हवं असेल तर पगाराची स्लिप आहे तोवर काढून घ्या. आणि पगार थांबला की सॅलरी अकाउंटला किमान शिल्लक लागू होते, ते बँकेत आधीच विचारा.