पेरिप्लस मुळातून वाचायचंय, ग्रीक आधी की लॅटिन?

अंबाझरीकर:
नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, बँकेत नोकरी, दहावीपर्यंत संस्कृत होतं एवढंच भांडवल. मागच्या दिवाळीत तेरला जाऊन आलो तेव्हापासून पेरिप्लस हे समुद्रप्रवासाचं जुनं ग्रीक पुस्तक डोक्यात बसलंय. पहिल्या शतकात कोणी ग्रीक लिहिणाऱ्या व्यापाऱ्यानं लिहिलेलं, त्यात भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण अन् तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर म्हणजे आपलं तेर, असा सरळ उल्लेख आहे. शॉफचं १९१२ चं इंग्रजी भाषांतर नेटवर वाचलं. त्यात मूळ लेखक म्हणतो की या मुलखाला डाचिनाबादेस म्हणतात कारण इथले लोक दक्षिणेला डाचानोस म्हणतात. म्हणजे त्यानं आपल्याच कोणा माणसाला विचारून लिहून घेतलं असणार ना! ते वाक्य मला त्याच्या भाषेत वाचायचंय. नागपुरात शिकवणारं कोणी सापडून नाही राहिलं, एका ऑनलाइन कोर्सचे पैसे भरले तर तीन व्हिडिओनंतर पुढे काही आलंच नाही. रोज रात्री एक तास देऊ शकतो. काय घेऊ, कुठून सुरू करू?

रामटेकची_ताई:
दादा आधी एक दुरुस्ती, म्हणजे तुम्हाला आनंदच होईल. ते डाचानोस नाही हो. इंग्रजीत सीएच लिहितात म्हणून तसं वाटतं, मुळात तिथे खी हे अक्षर आहे, जुन्या ग्रीकमध्ये त्याचा उच्चार आपला ख. दखनोस! दखिनाबादेस! दक्षिणापथाचं प्राकृत रूप त्यानं जसं ऐकलं तसं उतरवलंय. थीटा म्हणजे थ, फी म्हणजे ओठ मिटून म्हटलेला फ, अन् प त क वेगळे. इंग्रजी पुस्तकं यावर पानंच्या पानं खर्च करतात, आपल्याला ते बाराखडीतच मिळालेलं आहे.

मी संस्कृत शिकवते, ग्रीक स्वतःच शिकले. तुमचं संस्कृत फार कामी येईल. भरामि ला फेरो, अभरत् ला एफेरे, भूतकाळात आधी अ लागतो तसा तिथे ए लागतो. आत्मनेपद आहे, द्विवचन आहे, लुङ् (भूतकाळाचा एक प्रकार) आहे. विभक्त्या मात्र पाचच, त्यामुळे आपली तृतीया पंचमी सप्तमी तिथे चतुर्थी, षष्ठी किंवा अव्ययांवर भागवावी लागते, इथे मी सहा महिने चुकत होते, संस्कृतच्या सवयीनं अर्थ लावायची अन् वाक्य भलतीकडेच जायचं. तेव्हा ओळख पटली म्हणून नियम वाचायचं सोडू नका.

चिचेरोवाला:
मी काही वर्षं सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत होतो, तिथे लॅटिन शिकलो (चर्चच्या पद्धतीनं, म्हणून रोमन वक्ता सिसेरोला चिचेरो म्हणतो, जुन्या रोमन उच्चारात किकेरो). भाऊ तुम्हाला पेरिप्लस वाचायचंय तर सरळ ग्रीकच घ्या, लॅटिन आधी आलंच पाहिजे असं काही नाही. पण नंतर थोडं लॅटिन जरूर करा, कारण म्यूलरची १८५५ ची आवृत्ती आहे त्यात ग्रीकच्या बरोबरीनं लॅटिन भाषांतर दिलंय अन् ती स्कॅन केलेली फुकट मिळते. लॅटिनसाठी ओर्बेर्गचं लिंगुआ लातिना घ्या. पहिल्या पानापासून सगळं लॅटिनमध्येच, नकाशा दाखवून रोम कुठे आहे इथून सुरुवात. पहिल्या भागात ३५ धडे. मी व्याकरण पाठ करून आलेला माणूस, तरी खरं वाचायला त्यानंच शिकवलं मला.

इतवारीचा_पोरगा:
मी सध्या ग्रीक करून राहिलो, दोन वर्षं झाली. आथेनाझे नावाचं पुस्तक आहे, एका शेतकऱ्याच्या घरची गोष्ट पुढे पुढे सरकते, गोष्टीसाठी वाचत जातो माणूस. महाग वाटलं तर व्हाइटचं १८९६ चं फर्स्ट ग्रीक बुक फुकट आहे, जुनाट आहे पण सराव भरपूर. शब्दासाठी शिकागो विद्यापीठाचं लोगेऑन हे कोशांचं अ‍ॅप मोबाइलवर टाका, त्यात ग्रीकचा मोठा लिडेल-स्कॉट कोश अन् लॅटिनचा लुइस-शॉर्ट दोन्ही आहेत. पर्सिअस या वेबसाइटवर मूळ ग्रीक वाचताना शब्दावर क्लिक केलं की तो कोणत्या रूपात आहे ते दिसतं, पण एक सांगतो, पहिले स्वतः ओळखा मग क्लिक करा. मी पहिले चार महिने नुसता क्लिक करत होतो अन् स्क्रीन बंद केली की डोकं कोरं.

लोब मालिका पण बघा, एका बाजूला मूळ अन् समोर इंग्रजी, ग्रीकची हिरवी, लॅटिनची लाल. जुने खंड इंटरनेट अर्काइव्हच्या साइटवर आहेत. पेरिप्लससाठी शेवटी कॅसनचं १९८९ चं पुस्तक लागेलच, त्यात मूळ ग्रीक, भाषांतर, टिपा सगळं आहे. अन् मोठ्यानं वाचा भाऊ, घरचे हसले तरी.

अंबाझरीकर:
ताई, दखनोस वाचून अंगावर काटा आला, खरंच. इतके दिवस मी डाचानोस डाचानोस करत होतो अन् तो माणूस दखनच म्हणत होता. ग्रीकच घेतो. व्हाइटचं पुस्तक उतरवलं, सीताबर्डीवरून पहिल्या पन्नास पानांची झेरॉक्स पण आणली. रात्री मुलीला घेऊन वहीत लिहून पाहिलं, डेल्टा अल्फा खी अल्फा न्यू ओमिक्रॉन सिग्मा. शेवटचा सिग्मा पुस्तकात वेगळा दिसून राहिला, शेपटीवाला, ती छपाईची चूक आहे का?

रामटेकची_ताई:
चूक नाही, शब्दाच्या शेवटी तो तसाच लिहितात. मुलीलाही सांगा.