एचआर म्हणतंय शुक्रवारपर्यंत राजीनामा टाका. क्यूएला (सॉफ्टवेअर टेस्टरला) सध्या इंटरव्ह्यूचे कॉल कुठून येतायत? (पुणे)

फेज_थ्री_वाला :
मदत हवी आहे, घाईत लिहितोय. काल एचआरने मीटिंगला बोलावलं. प्रोजेक्ट बंद झाला, दुसरीकडे जागा नाही, शुक्रवारपर्यंत पोर्टलवर राजीनामा टाका, दोन महिन्यांचा पगार देऊ. नाहीतर 'टर्मिनेट' दाखवू, मग पुढच्या कंपनीच्या बीजीव्हीत, म्हणजे आधीच्या नोकरीच्या पडताळणीत, अडकाल. सगळं तोंडी. माझा प्रश्न एवढाच की क्यूएला सध्या कॉल कुठून येतायत? नोकरी डॉट कॉम, लिंक्डइन, रोज अर्ज टाकतोय, पलीकडून काही नाही. ठोस सांगा, 'धीर धर' नको. घराचा हप्ता आहे.

क्यूए_ताई :
अनुभव किती? मॅन्युअल की ऑटोमेशन? डोमेन कोणतं? एवढ्यावर कोण काय सांगणार?

जुना_खेळाडू :
भावा, मी २००९ची मंदी पाहिली आहे. पैसे देतायत ना? सही कर आणि मोकळा हो. भांडत बसलास तर इंटरव्ह्यूची तयारी होणार नाही. दिवसाला दोन डीएसए (कोडिंगचे) प्रॉब्लेम सोडव.

निशिगंध :
टेस्टरला डीएसए कशाला? प्लेराइटसारखं ऑटोमेशन टूल शिकायला सांगा, एपीआय टेस्टिंग सांगा. आणि सही कर म्हणून कसं सांगता? सही केली की कागदावर ती 'स्वेच्छेने सोडलेली' नोकरी होते. मग कपात झाली असं कुणापुढे सिद्ध करणार?

जुना_खेळाडू :
सिद्ध करून काय मिळणार? तारखा पडत राहतात. हप्ता बँक थांबवत नाही.

न्यूजर्सीकर :
इकडे अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की साधारण ६० दिवसांत नवा एम्प्लॉयर शोधायचा, नाहीतर स्टेटस बदलायचं किंवा देश सोडायचा. मुलांची शाळा अर्ध्यावर. पुण्यात निदान घरी आहात, एवढं धरून चाला.

फेज_थ्री_वाला :
कृपया विषयावर या. ताई, टेस्टिंगच करतो, थोडं ऑटोमेशन, सेलेनियम जावा. डोमेन इन्शुरन्स, विमा कंपन्यांचं गाइडवायर सॉफ्टवेअर. आता सांगा कुठे अर्ज करू.

क्यूए_ताई :
अरे गाइडवायर शेवटी लिहितोस? तेच पहिल्या ओळीत हवं. नोकरीवर 'क्यूए इंजिनिअर' शोधलं तर हजारोंची रांग असते. पॉलिसी, क्लेम्स, बिलिंग यांचे फ्लो माहीत असलेला टेस्टर त्या मानाने कमी मिळतो. हेडलाइन बदल : गाइडवायर क्लेमसेंटर टेस्टिंग, किंवा पॉलिसीसेंटर, जे केलं असेल ते. परदेशी विमा कंपन्यांची आणि बँकांची स्वतःची सेंटर्स आहेत पुण्यात, खराडी-येरवडा-बाणेर पट्ट्यात. त्यांच्या साइटवर थेट बघ. आणि तुझ्याच टीममधून गेल्या वर्षी-दोन वर्षांत बाहेर पडलेल्यांना फोन कर. लिंक्डइनवर अनोळखी माणसाला 'प्लीज रेफर' लिहिण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

रावेतकर :
फ्लॅट कुठे घेतलाय? पुनावळे असेल तर विकून टाक. मी सांगतो, तिथले भाव...

निशिगंध :
त्याने फ्लॅटचं विचारलंय का? @फेज_थ्री_वाला, जॉइनिंगची तारीख सांग. आणि ऑफर लेटरमध्ये नोटीस पिरियड किती आहे?

फेज_थ्री_वाला :
त्याचा काय संबंध? ५ एप्रिल २०२१. नोटीस ९० दिवस. एचआर म्हणतंय शेवटचा दिवस १५ फेब्रुवारी धरू.

निशिगंध :
सगळा संबंध त्याचाच आहे! ५ एप्रिल २०२६ला तुझी पाच वर्षं होतात आणि ग्रॅच्युइटी लागू होते. शेवटच्या मूळ पगाराचे १५ भागिले २६, गुणिले वर्षं. बेसिक ४५ हजार धरलं तरी सुमारे १ लाख ३० हजार. १५ फेब्रुवारीला बाहेर पडलास तर ते द्यायचे की नाही यावर कंपनी हात वर करणार.

जुना_खेळाडू :
चार वर्षं २४० दिवस झाले तरी मिळते. मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे.

निशिगंध :
आहे, पण प्रत्येक कंपनी आपणहून तो मानत नाही. मग त्यासाठीच तारखा पडतील, ज्या तुम्हाला नको आहेत. पाच वर्षं पूर्ण झाली की वादच नाही. म्हणून दोन महिन्यांचे पैसे रोख घेऊन आत्ता निघण्यापेक्षा ९० दिवसांचा नोटीस पिरियड पगारावर राहून मागायचा. शेवटचा दिवस एप्रिलच्या अखेरीस गेला पाहिजे. नोटीसचे पैसे आणि नोटीसमधली नोकरी या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय तोपर्यंत रेझ्युमेवर 'सध्या कार्यरत, नोटीस चालू' लिहिता येतं. लवकर रुजू होणारा माणूस सगळ्यांना हवा असतो.

कामगार_कायदा :
थोडी भर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. तुम्ही कामगार की व्यवस्थापक हे हुद्द्याच्या नावावर ठरत नाही, प्रत्यक्ष कामावर ठरतं. स्वतः टेस्ट केस लिहिणारा, चालवणारा माणूस दावा करू शकतो. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराची कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. स्वेच्छेने राजीनामा दिला की यातलं काही नाही. तोंडी धमकी दिली आहे ना, मग आजच एचआरला ईमेल करा : 'आपल्या कालच्या बोलण्यात मला अमुक सांगण्यात आलं, कृपया लेखी कळवा.' सीसीमध्ये मॅनेजर, बीसीसीमध्ये स्वतःचा खाजगी पत्ता. लॅपटॉप काढून घेण्याआधी पगाराच्या स्लिपा, ऑफर लेटर, अप्रेझलची पत्रं उतरवून ठेवा. कंपनीच्या किंवा क्लायंटच्या फायलींना मात्र हात लावू नका.

जुना_खेळाडू :
ईमेल केला म्हणून खुन्नस धरून रिलीव्हिंग लेटर अडवलं तर? माझ्या मित्राचं अडवलं होतं.

कामगार_कायदा :
म्हणून तर भाषा सौम्य आणि सगळं लेखी. लेटर अडवलं तर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते. पुण्यात आयटीवाल्यांसाठी नाइट्स ही संघटना आहे, २०२५मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजारांच्या कपातीची घोषणा केली तेव्हा ती थेट केंद्रीय कामगार मंत्रालयापर्यंत गेली होती. एकटं वाटत असेल तर त्यांच्याशी बोला.

क्यूए_ताई :
आईवडील कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहेत का? शेवटच्या दिवसाला ते कव्हर संपतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे आत्ताच विचार, बाहेर पडल्यावर नको. बाबांना शुगर-बीपी असेल तर हे सगळ्यात आधी.

फेज_थ्री_वाला :
बाबांची मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली आहे. मेडिक्लेमचं खरंच डोक्यात नव्हतं. शुक्रवारची सही करत नाही. ईमेल आज संध्याकाळी पाठवतो. पण गाइडवायरच्या ओपनिंग कुणाला माहीत असतील तर सांगा हो, मूळ प्रश्न तोच आहे.

क्यूए_ताई :
व्यनि (खाजगी निरोप) केलाय. रेझ्युमे पाठव, हेडलाइन बदलून.

निशिगंध :
ईमेलचा मसुदा नावं पुसून इथे टाक. पाठवण्याआधी दोघंतिघं वाचतील.

रावेतकर :
मेट्रो सुरू झाली की पुनावळ्यालाही भाव येईल असं म्हणतात. तेव्हा विकायची घाई नको.