मदत हवी आहे: ‘स्कारफेस’ (१९३२)ची सबटायटल्स मागे पडतात

हॉवर्ड हॉक्सचा पॉल म्युनीवाला ‘स्कारफेस’ दाखवायचा आहे, १९८३चा नव्हे. मूळ लांबी ९३ मिनिटं, हातातल्या डीव्हीडीची ८९. कात्री लागली असावी असं वाटतं, पण चित्रपट मुळात सेकंदाला २४ फ्रेमचा आणि ९३ × २४ ÷ २५ = ८९.२८, म्हणजे ही बहुधा सेकंदाला २५ फ्रेमची, पाल (PAL) या टीव्ही पद्धतीची, थोडी वेगाने चालणारी प्रत. मराठी सबटायटल्स मात्र २४च्या हिशेबाने बांधलेली. त्यामुळे तासाभराच्या जागी ती २ मिनिटं २४ सेकंद मागे पडतात. नुसती पुढे सरकवून भागत नाही, फरक वाढतच जातो.

‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये सबटायटल्सचा फ्रेमरेट २४वरून २५ करावा, की चित्रपटच २४वर आणावा? दुसऱ्यात आवाजाची पट्टीही मूळ होईल, पण पुन्हा एन्कोडिंग आलं.

दुसरं, शेवट. सेन्सॉरसाठी केलेल्या शेवटात टोनीला (म्युनीने केलेला नायक) फाशी होते, म्युनी त्यात दिसतच नाही. आपल्याला पोलिसांच्या गोळ्यांनी मरणारा हवा. दोन्ही शेवट असलेली डिस्क कोणती?

आणि गॅरेजच्या दृश्यातल्या सात फुल्या (X; १४ फेब्रुवारी १९२९च्या शिकागो हत्याकांडातल्या सात बळींची खूण) सबटायटलखाली झाकल्या जाऊ नयेत, तेवढ्यापुरती ओळ कुठे ठेवता?