“फक्त शिपिंग भरा” म्हणून गुडघ्याच्या गोळ्या आल्या, आता कार्डावरून पैसे कापले जातायत

शरयू_एडिसन

सासू-सासरे सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आलेत. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. जुना मधुमेह आहे, आणि स्टेंट बसवल्यापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू आहे. गुडघे इतके दुखतात की अंगणाच्या पायऱ्यासुद्धा कठडा धरून उतरतात.

मध्यंतरी त्यांना टॅबलेटवर एक व्हिडिओ दिसला. भारतातले एक नामांकित अस्थिरोगतज्ज्ञ हिंदीत सांगतायत की गुडघ्यातली झिजलेली गादी महिनाभरात पुन्हा तयार होते. चेहरा त्यांचा, आवाजही त्यांचाच. नवऱ्याने नंतर नीट पाहिलं तेव्हा ओठ आणि शब्द जुळत नाहीत हे लक्षात आलं. खाली “पहिली बाटली मोफत, फक्त शिपिंग ४.९५ डॉलर” आणि लाल आकड्यांत उलटं धावणारं घड्याळ. टॅबलेटमध्ये माझं क्रेडिट कार्ड सेव्ह होतंच.

बाटली आली. आता स्टेटमेंट बघते तर ८९.९७ डॉलर कापलेले, आणि दारात दुसरी बाटली. स्टेटमेंटवरचं कंपनीचं नाव एक, बाटलीवरचं दुसरंच. फोन केला तर उत्तर असं की ट्रायल १४ दिवसांची होती, ती संपली, तुम्ही मेंबर झालात. बंद करा म्हटलं तर आधी ३५ टक्के सूट देऊ केली, मग ५० टक्के, आणि शेवटी “बाटली उघडली असल्यामुळे रिफंड नाही.” कॅन्सल केल्याचा नंबर काही केल्या दिला नाही.

अण्णांना कळल्यापासून ते टॅबलेटला हात लावत नाहीत. “तुमचे पैसे घालवले मी,” एवढंच म्हणतात. पैशांपेक्षा मला ते जास्त लागतंय. कार्ड बंद करू का? पैसे परत मिळतील का? आणि गोळ्यांनी गुडघा खरंच बरा वाटतोय म्हणतात, तर त्या चालू ठेवू द्याव्यात का?


निनाद_ऑस्टिन

कार्ड हरवलं म्हणून सांगा, नवीन नंबर मागवा, विषय संपला. शिवाय आता क्लिक-टू-कॅन्सलचा नियम आलाय. एका क्लिकवर बंद करून देणं त्यांना बंधनकारक आहे.


वृंदा_डेलावेअर

शरयूताई, कार्ड हरवलं असं कृपया सांगू नका. मी विल्मिंग्टनमध्ये एका बँकेच्या कार्ड डिस्प्यूट विभागात, म्हणजे कार्डावरच्या वादग्रस्त वसुल्यांच्या तक्रारी बघणाऱ्या विभागात काम करते. अशा फायली माझ्याकडे रोज येतात आणि त्यातल्या कितीतरी पहिल्याच फोनवर बिघडलेल्या असतात, म्हणून सविस्तर लिहिते.

नंबर बदलून या लोकांपासून सुटका होत नाही. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांचीही अकाउंट अपडेटर म्हणून सेवा आहे. कार्ड बदललं तरी विम्याचा हप्ता किंवा फोनचं बिल अडू नये म्हणून नवीन नंबर त्या सेवेतल्या व्यापाऱ्यांपर्यंत आपोआप पोचतो. गोळ्यावाल्यांनाही तो तसाच मिळू शकतो. त्यामुळे बँकेला स्पष्ट शब्दांत सांगा: या व्यापाऱ्याला दिलेली परवानगी मी काढून घेतेय, त्याच्या पुढच्या सगळ्या वसुल्या अडवा, आणि नवीन कार्ड दिलंत तर त्याचा नंबर अपडेटरला कळवू नका.

आता तक्रार कोणत्या सदराखाली घालायची ते. “हा व्यवहार मी केलाच नाही” असं म्हटलंत की कंपनी तुमच्या घरचा आयपी अॅड्रेस, तुमचा पत्ता, पार्सल पोचल्याची नोंद आणि ४.९५ ची पावती बँकेला पाठवते, आणि तुमचं म्हणणं तिथेच पडतं. खरं तेच सांगा. घरातल्या ज्येष्ठ माणसाने मोफत नमुना म्हणून मागवलं, दरमहा वसुलीची अट ठळकपणे दाखवली नव्हती, कळल्याबरोबर आपण फोनवर बंद करायला सांगितलं आणि त्यांनी नकार दिला. फोनची तारीख, वेळ, कोण काय बोललं, सुटीच्या ऑफर, सगळं आजच लिहून काढा. आणि आजच त्यांना ईमेलने “सबस्क्रिप्शन रद्द करत आहे” असं एका ओळीत कळवा. ती ओळ फायलीत फार कामाला येते.

टॅबलेटच्या हिस्टरीतून तेच पान उघडा. जाहिरातीतून जिथे पोचलात तेच हवं, कंपनीच्या नावाने शोधून सापडलेलं चालणार नाही. एफटीसीच्या, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकी सरकारी आयोगाच्या खटल्यांत असं निघालंय की ही मंडळी बँकेला दाखवायला अटी ठळक छापलेलं वेगळं पान ठेवतात आणि गिऱ्हाईक भलत्याच पानावरून आत येतं. बटणापासून खालपर्यंत सरकत स्क्रीनशॉट घ्या. अट बहुतेक बटणाच्या खूप खाली, फिक्या करड्या अक्षरांत असेल, किंवा “टर्म्स”च्या लिंकमागे. तिथेच हेही दिसेल की १४ दिवस ऑर्डरच्या दिवसापासून मोजलेत. पार्सल पोचायला आठवडा गेला की माणसाच्या हातात गोळी पारखायला उरतो एकच आठवडा, आणि त्यातच परत पाठवायचा नंबर मागून, स्वतःच्या खर्चाने बाटली त्यांच्याकडे पोचवायची. वेळेत परत करणं कुणाला जमूच नये अशाच हिशेबाने हे बसवलेलं असतं.

निनाद, तो नियम एफटीसीने ऑक्टोबर २०२४ मध्ये केला होता, पण जुलै २०२५ मध्ये आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो रद्द केला. ऑनलाइन खरेदीतल्या ग्राहकांसाठीचा २०१० चा रॉस्का कायदा मात्र शाबूत आहे. कार्डाचा नंबर घेण्याआधी सगळ्या अटी स्पष्ट दाखवायच्या, ग्राहकाची समजून-उमजून संमती घ्यायची आणि बंद करायचा सोपा मार्ग द्यायचा, हे तिन्ही त्यात आहे. शरयूताईंच्या बाबतीत तिन्ही मोडलेत. शिवाय कार्ड मास्टरकार्ड असेल तर २०१९ पासून असा नियम आहे की हातात येणाऱ्या वस्तूची ट्रायल संपल्यावर रक्कम, तारीख आणि रद्द करायची रीत कळवून ग्राहकाची पुन्हा मंजुरी घ्यायची, मगच पैसे कापायचे. व्हिसाचा नियम २०२० चा, त्यात किमान सात दिवस आधी सूचना द्यावी लागते. तशी ईमेल आली नसेल तर तक्रारीत ते वाक्य घालाच.

क्रेडिट कार्ड आहे हे बरं झालं. फोनवर तक्रार नोंदवली तरी पत्रही पाठवा. ज्या स्टेटमेंटवर ही रक्कम पहिल्यांदा आली ते निघाल्यापासून ६० दिवसांत ते बँकेच्या बिलिंग तक्रारींच्या पत्त्यावर पोचलं पाहिजे. तो पत्ता पैसे भरायच्या पत्त्याहून वेगळा असतो, स्टेटमेंटच्या मागे छापलेला असतो. चौकशी चालू असेपर्यंत ती रक्कम भरायची नाही.

दुसरी बाटली उघडू नका. “रिफ्यूज्ड” लिहून पोस्टमनकडे परत द्या, फोटो काढून ठेवा.

आणि अण्णांना एक सांगा. २०११ मध्ये एफटीसीने कॅनडाच्या जेसी विल्म्सवर दावा लावला तो अगदी अशाच, वजन उतरवायच्या अकाई बेरीच्या “मोफत” बाटल्यांचा होता. पुढच्या वर्षी ३५ कोटी ९० लाख डॉलरच्या रकमेवर निकाल झाला. फसलेले ग्राहक अमेरिकेतलेच नव्हे, इतर देशांतलेही होते. यात अण्णांनी लाज वाटून घ्यावं असं काहीही नाही. माझ्याकडच्या फायलींत वकील आहेत, नर्स आहेत.


मकरंद_फार्मसिस्ट

वृंदाताईंनी पैशांचं सगळं सांगितलं. मला गोळीबद्दल बोलायचंय, आणि हे आजच वाचा.

गुडघा लवकर बरा वाटला, हेच मला सगळ्यात जास्त खटकतंय. सांध्यांच्या सप्लिमेंटांत असणाऱ्या ग्लुकोसामिनसारख्या गोष्टींचा फरक पडायचाच झाला तर कित्येक आठवडे जातात. काही दिवसांत आराम पडला तर आत लेबलवर न छापलेलं औषध असू शकतं. २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न आणि औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, आर्ट्री किंग आणि आर्ट्री अजो किंग या सांधेदुखीच्या सप्लिमेंटांबद्दल इशारे दिले. तपासणीत डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक आणि डेक्सामेथासोन सापडलं होतं, लेबलवर दोन्हींचा पत्ता नाही. तुमची बाटली तशीच आहे असं मी म्हणत नाही. पण डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आहे, त्याने साखर चढते. रक्त पातळ ठेवायच्या गोळीवर डायक्लोफिनॅक पडलं तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. अण्णांना दोन्ही बाजूंनी धोका.

म्हणून बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा. ग्लुकोमीटरवर गेल्या काही आठवड्यांचे आकडे असतील तर तेही न्या. शौच काळी होतेय का, हे संकोच न करता विचारा. हो म्हणाले तर थेट इमर्जन्सीत न्या. गोळ्या कशा थांबवायच्या हेही डॉक्टरांनाच ठरवू द्या, कारण आत स्टिरॉइड असेल तर ते एकदम तोडणं कधीकधी अंगाशी येतं.

बाटलीवर “एफडीए अप्रूव्ह्ड” छापलंय का बघा. छापलं असेल तर ते धादांत खोटं आहे. १९९४ च्या कायद्याने इथे सप्लिमेंट बाजारात आणायला एफडीएची मंजुरीच लागत नाही, मग ती मिळणार कुठून? “एफडीए रजिस्टर्ड फॅसिलिटी” म्हणजे कारखान्याची नोंद, बस. “क्लिनिकली प्रूव्हन”चंही तसंच. ग्रीन कॉफीने वजन उतरतं म्हणून २०१२ मध्ये इथे टीव्हीवर धुमाकूळ झाला. त्यामागचा अभ्यास भारतात १६ लोकांवर झालेला. एफटीसीच्या म्हणण्यानुसार त्यात लोकांची वजनंच पुन्हापुन्हा बदलून लिहिली होती. २०१४ मध्ये टेक्सासच्या कंपनीने ३५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं आणि तो शोधनिबंधही मागे घेतला गेला.


शरयू_एडिसन

सगळ्यांचे मनापासून आभार. मकरंददादा, तुमचं वाचून मीटर काढला. अण्णांची उपाशीपोटीची साखर एरवी १३० च्या आसपास असते, या काही दिवसांत १९० च्या वर गेलेली. त्यांना वाटत होतं इथल्या ब्रेडमुळे. डॉक्टरांनी रक्ततपासणी केली, गोळी कशी थांबवायची ते ठरवून दिलं आणि बाटलीची एफडीएकडे तक्रार करायला सांगितली. शौचाचा त्रास नाही, देवाची कृपा.

बँकेत वृंदाताईंचेच शब्द वापरले. डिस्प्यूट उघडलाय, ८९.९७ तात्पुरते जमा झालेत. स्क्रीनशॉट घेताना अट सापडली: बटणाच्या खाली चार स्क्रीन सरकल्यावर, “१८ वर्षांवरील” या ओळीला जोडून. अकाई बेरीची गोष्ट अण्णांना वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली, आणि संध्याकाळी टॅबलेट मागून घेऊन सांगलीच्या बहिणीला व्हिडिओ कॉल केला.

आता डिसेंबरात ते परत जातील. तिथे त्यांच्या कार्डाचं काय करून ठेवू?


विश्रामबागकर

ताई, मी सांगलीतच असतो. बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करून ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०२० पासून ही सोय सगळ्या कार्डांना द्यायला लावलीय. परदेशी साइटवर बऱ्याचदा ओटीपी न विचारताच पैसे जातात, म्हणून हे बटण फार महत्त्वाचं. यूपीआय अॅपात ऑटोपेची यादी उघडून नको ते रद्द करा. देशातल्या ऑटोपेची सूचना पैसे कापायच्या २४ तास आधी येते, पण ती वाचायला कुणीतरी हवं, तर मेसेज तुमच्या नवऱ्याच्या नंबरवरही येतील असं बघा.

इथल्या डब्यांवर एफएसएसएआयचा, म्हणजे भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी नंबर असतो, तो त्यांच्या फॉसकॉस या साइटवर तपासता येतो. पण तो खाद्यपदार्थाचा परवाना आहे, गुण येतो याची ग्वाही नाही. सप्लिमेंटच्या डब्यावर “औषधी वापरासाठी नाही” असं इंग्रजीत छापणं सक्तीचं आहे, आणि त्याच डब्याची जाहिरात मधुमेह घालवायच्या गोष्टी करते. तसा दावा करणं १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुन्हा आहे. सबस्क्रिप्शनमध्ये अडकवणं डार्क पॅटर्न, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला फसवायच्या क्लृप्त्या, यांच्याविरुद्धच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत नाव घेऊन मना केलंय. तक्रारीला १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं.


वृंदा_डेलावेअर

शरयूताई, एक राहिलं. ते पैसे “तात्पुरते” जमा आहेत. कंपनी आपली कागदपत्रं पाठवेल, मग बँक तुम्हाला त्यावर म्हणणं मांडायला सांगेल. त्या पत्रातच मुदत लिहिलेली असते, ती चुकवू नका. लेखी तक्रारीवर बँकेला दोन बिलिंग सायकलांत, जास्तीत जास्त ९० दिवसांत, निर्णय द्यावा लागतो. तोवर दर स्टेटमेंट बघत राहा, कारण हेच लोक दुसऱ्या कंपनीच्या नावाने छोटी रक्कम लावतात. तशी दिसली तर तिचा वेगळा डिस्प्यूट करा, याच्यात मिसळू नका.