मदत हवी आहे: स्वादुपिंडातल्या रक्तवाहिन्या आधी बिघडतात की डायबेटिस आधी होतो?

नमस्कार मंडळी, इथे डॉक्टर आणि फिजिऑलॉजी शिकवणारे बरेच जण आहेत म्हणून धागा काढतेय. धाकट्या बहिणीची फास्टिंग शुगर ११२ आली, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट) ६.०, डॉक्टर म्हणाले प्रीडायबेटिस आहे, चाला, वजन उतरवा, मग परत टेस्ट करू. ते सगळं सुरू आहे, त्यावर सल्ला नकोय, डाएटचे फॉरवर्ड तर अजिबातच नकोत. माझा घोळ वेगळाच झालाय.

आजवर डोक्यात सरळ हिशोब होता, शुगर वाढते आणि मग वर्षानुवर्षं बारीक रक्तवाहिन्या खराब होत जातात, डोळ्याचा पडदा, किडनी वगैरे. आता वाचायला बसले तर काही संशोधक म्हणतायत की इन्सुलिन जिथे बनतं तिथल्याच केशवाहिन्या (सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या) बिघडल्या तर इन्सुलिन कमी पडू शकतं. मग नक्की सुरुवात कुठून?

मला कळलंय ते असं. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी लँगरहान्सच्या बेटांमध्ये, म्हणजे स्वादुपिंडातल्या पेशींच्या छोट्या पुंजक्यांमध्ये असतात, ही बेटं स्वादुपिंडाच्या वजनाच्या जेमतेम १-२ टक्के, पण स्वादुपिंडाला मिळणाऱ्या रक्तातला त्यांचा वाटा त्या मानाने कितीतरी मोठा, प्राण्यांमध्ये मोजलं तर १० टक्क्यांच्या आसपास. तिथल्या केशवाहिन्यांच्या भिंतीला बारीक भोकं असतात म्हणून साखर किती आहे ते पेशीला लगेच कळतं आणि इन्सुलिनही पटकन रक्तात उतरतं. मला सगळ्यात भारी वाटलं ते हे की बीटा पेशी स्वतः व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडून रक्तवाहिन्यांना जवळ ओढते, आणि तिला टेकायला जो पातळ थर लागतो तो तिला बनवता येत नाही, तो वाहिनीच्या पेशी बनवून देतात (उंदरात दाखवलंय). म्हणजे हा नुसता पुरवठ्याचा पाइप नाहीये.

तर प्रश्न असा की टाइप २ मध्ये या वाहिन्या आधी बिघडतात की नंतर, आणि बहिणीच्या स्टेजला ते कुठल्या टेस्टमध्ये दिसतं का?

प्रतिसाद:
ताई, तुम्हाला बरोबर कळलंय. उत्तर मात्र अर्धवटच मिळणार. उंदरांच्या बीटा पेशींतलं व्हीईजीएफ बंद केलं की केशवाहिन्या विरळ होतात आणि ग्लुकोज दिल्यावर साखर नीट उतरत नाही, पण बीटा पेशी काही त्या प्रमाणात मरत नाहीत, म्हणजे माल आहे पण रक्तात पोचायला उशीर. उलट व्हीईजीएफ भरमसाट वाढवलं तर वाहिन्या माजतात आणि बीटा पेशी कमी होतात. त्यामुळे ‘स्वादुपिंडाचा रक्तपुरवठा वाढवणारी’ पावडर कोणी विकत असेल तर लांब रहा.

माणसात टाइप २ वाल्यांच्या बेटांत अमायलॉइड (प्रथिनाचा गाळ) साचलेलं दिसतं, बीटा पेशी इन्सुलिनसोबत जे अमायलिन नावाचं संप्रेरक सोडतात त्याचंच ते, आणि साचतं कुठे तर नेमकं केशवाहिनी आणि पेशी यांच्या मधे. शिवाय वाहिनीला बिलगून पेरिसाइट नावाच्या पेशी असतात, साखर वाढली की त्या सैल पडतात आणि बेटातला रक्तप्रवाह वाढतो, टाइप २ मध्ये त्याही कमी झालेल्या सापडल्यात. पण गोची अशी की हे नमुने बहुतेक मृत्यूनंतर दान केलेल्या स्वादुपिंडाचे, तोवर डायबेटिस होऊन बराच काळ गेलेला, त्यावरून आधी काय नि नंतर काय ते वाचता येत नाही. दोन्ही एकमेकांना बिघडवत जातात असं मी तरी समजतो. टेस्टचं म्हणाल तर बेट असतं साधारण ०.१-०.२ मिलिमीटर, नेहमीच्या सोनोग्राफी, सीटीत काही दिसत नाही.

टाइप १ ची गोष्ट वेगळी, तिथे शरीराच्याच रोगप्रतिकारक टी पेशी बीटा पेशींना मारतात, रक्तवाहिनी हा त्यांचा आत शिरायचा रस्ता.

धागाकर्ती:
धन्यवाद सर! मग बीपीच्या काही गोळ्यांनी डायबेटिस लांबतो म्हणतात ते या वाहिन्यांमुळेच का?

प्रतिसाद:
वलसार्टनबद्दल वाचलं असेल. २०१० च्या नॅव्हिगेटर ट्रायलमध्ये त्याने डायबेटिसचा धोका १४ टक्क्यांनी कमी झाला, पण त्यावरून बेटांतल्या वाहिन्या सुधारल्या असं म्हणता येत नाही, स्नायूंवर इन्सुलिनचा परिणाम सुधारल्यामुळेही झालं असेल. नुसत्या प्रीडायबेटिससाठी ही गोळी देत नाहीत. आणि तुम्ही नको म्हणालात तरी सांगतोच, २००२ च्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात वजन उतरवणं आणि व्यायाम यांनी हाच धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला होता, मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीने ३१.

धागाकर्ती:
हे बहिणीला दाखवतेच, माझं ऐकत नाही. अजून एक, बेटांचं प्रत्यारोपण करतात तेव्हा ती यकृताकडे जाणाऱ्या शिरेत (पोर्टल व्हेन) सोडतात ना, मग काढताना तुटलेल्या या केशवाहिन्या तिथे परत तयार होतात का, आणि तोवर बीटा पेशी तग कशी धरतात? कोणी लिहाल का?

प्रतिसाद:
होतात, पण दोनेक आठवडे लागतात, आणि तोवर ऑक्सिजन कमी पडून बऱ्याच पेशी जातात. म्हणूनच एका पेशंटला बऱ्याचदा एकापेक्षा जास्त दात्यांची बेटं लागतात.